फक्कीचा ब्लॉक

"अरे, भिंतीतून कुठं शिरतोस? दरवाजा तिकडं हाय!"

नानांच्या खळ्यात पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्याला ही आरोळी हमखास ऐकावी लागते. माणूस बिचकतो. समोर नानांचं कौलारू घर, डाव्या अंगाला विहीर, मागं सुपारीची वाडी. भिंत म्हणावी असं काही त्याला दिसत नाही. मग नजर खाली जाते. सारवलेल्या खळ्यावर, कबड्डीच्या मैदानाला मारतात तशा, फक्कीच्या पांढऱ्या रेघा. एका ठिकाणी रेघ तीन फूट तुटलेली. तो दरवाजा. तिथं चपला काढायच्या, आत यायचं, मग नाना प्रसन्न होतात. "ये, हॉलमध्ये बस."

हॉल पंधरा बाय दहा. बेडरूम बारा बाय दहा. किचन नऊ बाय आठ, न्हाणीघर सहा बाय चार, संडास चार बाय तीन आणि मधला बोळ नऊ बाय तीन. एकूण ४०५ चौरस फूट, इंचभर कमी नाही की जास्त नाही. हवं तर गुणाकार करून बघा. नानांनी मला तो तीनदा करायला लावला आहे. हॉलच्या ऐन मध्यावर एक माड उभा आहे. तो मूळ नकाशात नव्हता. नाना त्याला 'कॉलम' म्हणतात. "बिल्डर कॉलम कुठंही काढतो रे. आपण आतापासून सवय करून घ्यायची."

अलिबागजवळच्या आमच्या थळमध्ये त्यांना 'चटईनाना' म्हणतात. एफएसआयला सरकारी मराठीत 'चटई क्षेत्र निर्देशांक' असं भारदस्त नाव आहे. नानांच्या तोंडी तो शब्द दिवसातून पन्नास वेळा येई. गावातल्या पोरांनी त्यातलं क्षेत्र सोडलं, निर्देशांक सोडला आणि चटई तेवढी उचलली. नानांना राग नाही. उलट म्हणतात, "नाव चुकीचं नाय. आयुष्यभर चटईवरच झोपलो."

आमचा रायगड जिल्हा कुलाबा होता तेव्हा नानांचे वडील रेवसच्या लाँचमधून भाऊच्या धक्क्यावर उतरले आणि लालबागच्या एका गिरणीत चिकटले. पागडी भरून त्यांनी चाळीत दहा बाय बाराची खोली घेतली. सामायिक गॅलरी, टोकाला सामायिक संडास, वर पोटमाळा. १९७४ साली नाना त्याच गिरणीत बदली कामगार म्हणून लागले, साचेखात्यात. बदलीचा कायम व्हायची वेळ आली आणि १८ जानेवारी १९८२ उजाडली. दत्ता सामंतांच्या हाकेवर अडीच लाख माणसं बाहेर पडली. नाना त्यातले एक. संप मिटल्याचं त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही, असं ते म्हणतात.

गंमत अशी, की तिकडं लालबागच्या चिमण्या थंड पडत होत्या त्याच दिवसांत इकडं थळच्या माळावर राष्ट्रीय केमिकल्सचा खत कारखाना उभा राहत होता. मुंबईत उद्योग मेला म्हणून गावी परतलेल्या माणसाला गावात उद्योग जन्माला येताना दिसला. १९८५ साली कारखाना सुरू झाला. नानांची जमीन त्यात गेलेली नव्हती, त्यामुळे प्रकल्पग्रस्ताचा दाखला नाही आणि पक्की नोकरीही नाही. ठेकेदाराच्या हाताखाली पोती मोजण्यात त्यांची उरलेली वर्षं गेली. इथंही बदलीच म्हणा.

पण लालबागची खोली त्यांनी सोडली नाही. भाडं वेळेवर, पावत्या पत्र्याच्या डब्यात. केईएमला पेशंट न्यायचा असला की थळचे लोक आधी नानांकडं किल्ली मागायला यायचे. निम्म्या गावाची ऑपरेशनं त्या दहा बाय बाराच्या आधारावर झाली आहेत. माझं अपेंडिक्ससुद्धा.

पुनर्विकासाचा वारा त्या चाळीला लागला त्याला वीसेक वर्षं झाली. बिल्डरने चाळीच्या पटांगणात सभा बोलावली. नाना पहाटेच्या लाँचने थळहून गेले. बिल्डरच्या माणसाने फडाफडा आकडे सांगितले, वडे आले, कागद फिरले, सगळे सह्या करू लागले. नानांनी कागद वाचायला मागितला. एवढंच. त्यावर तो माणूस सगळ्यांदेखत हसून म्हणाला, "क्या काका, अलिबागसे आया है क्या?"

नाना उभे राहिले. "होय," म्हणाले, "आत्ताच. सकाळच्या लाँचने."

सभा हसली. कुणाला हसली हे नानांना अजून कळलेलं नाही. हा वाक्प्रचार बंद करा म्हणून पुढं २०१९ मध्ये कुणीतरी हायकोर्टात गेलं होतं आणि कोर्टाने ते काही मनावर घेतलं नाही. नानांनी कोर्टात जाण्यापेक्षा लांबचा रस्ता धरला. ते शिकले. सातवी झालेल्या माणसाने त्या दिवसापासून विकास नियंत्रण नियमावली वाचायला घेतली, ती आजतागायत मिटलेली नाही. तेहतीस-सात म्हणजे उपकरप्राप्त इमारत, तेहतीस-नऊ म्हणजे समूह, कॉर्पस म्हणजे बिल्डरने भाडेकरूला द्यायची ठोक रक्कम, आयओडी, सीसी, ओसी, फंजिबल. आमच्या शाळेत इंग्रजी शिकवायला माणूस मिळत नव्हता तेव्हा नानांचं नाव सुचवलं गेलं होतं.

या शिक्षणाचा पहिला बळी मी. एकदा विचारलं, "नाना, गिरण्यांच्या जमिनींचा नेमका घोळ काय झाला हो?" नाना उठले, एक शहाळं आणि कोयता घेऊन आले आणि म्हणाले, "हे बघ. ही गिरणी. १९९१ सालचा नियम अठ्ठावन्न काय म्हणतो? जमीन विकायला काढली तर तीन वाटण्या. एक मोकळ्या जागेला पालिकेकडं, एक म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. कळलं?" कळलं. नानांनी कोयत्याने शहाळ्याचं तोंड उडवलं. "आता २००१ साली नियमात दुरुस्ती. वाटण्या तीनच. पण कशाच्या? पूर्ण जमिनीच्या नाय, जिच्यावर बांधकाम नाय तेवढ्याच मोकळ्या जमिनीच्या." त्यांनी शहाळं तोंडाला लावून पाणी घटाघटा पिऊन टाकलं, तळाशी उरलेला घोट तीन वाट्यांत ओतला आणि एक वाटी माझ्यापुढं सरकवली. "ही तुजी. घे. २००६ साली सुप्रीम कोर्टाने पण म्हटलं, बरोबर हाय."

मलई खरवडून खाताना ते पुढं म्हणाले, "आणि चिमणी तेवढी ठेवली. फिनिक्समध्ये जाऊन बघ. दुकानं सगळी परदेशातली, चिमणी आपली. आठवण म्हणून."

गावातली कुठलीच गोष्ट नानांना या चष्म्याशिवाय दिसत नाही. त्यांच्या ओट्यावरून समुद्रात खांदेरी आणि उंदेरी दिसतात. पर्यटकांना नाना त्यांचा इतिहास आपल्या पद्धतीने सांगतात. "१६७९ साली महाराजांनी खांदेरीवर काम काढलं. माणूस कोण, तर मायनाक भंडारी. मुंबईच्या इंग्रजांचं म्हणणं, आमची एनओसी कुठाय? महाराज म्हणाले, बांधा. इंग्रजांनी गलबतं पाठवून स्टॉप वर्क द्यायचा प्रयत्न केला, पण भिंत चढतच राहिली. मग जानेवारी १६८० मध्ये सिद्दीने काय केलं? शेजारचा प्लॉट घेतला. ती उंदेरी." पर्यटक वहीत लिहून घेतात. २०२५ च्या जुलैमध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले आणि त्यात खांदेरी आहे म्हटल्यावर गावात पेढे वाटले गेले. नानांनी पेढा हातात घेतला आणि मान हलवली. "हेरिटेज लागलं. आता संपलं. ह्या जन्मात रीडेव्हलपमेंट नाय."

माणसांचीही तीच गत. धोकादायक इमारतींना पालिका जे वर्ग लावते ते नानांनी गावातल्या म्हाताऱ्यांना लावून टाकले आहेत. सी-वन म्हणजे ताबडतोब खाली करा. सी-टू-ए म्हणजे थोडी जागा रिकामी करून मोठी दुरुस्ती. सी-टू-बी म्हणजे खाली न करता दुरुस्ती. "माजे गुडघे सी-टू-बी," ते सांगतात, "पण डोळ्याला सी-टू-ए लागणार, डॉक्टर म्हणाला." एकदा पारावर बसलेल्या एका आजोबांकडं बघून ते माझ्या कानात "सी-वन" असं पुटपुटले. दुर्दैवाने महिनाभरात ते खरं ठरलं आणि तेव्हापासून नाना निरखून बघायला लागले की गावातले म्हातारे उठून चालायला लागतात.

मरण हा तर नानांचा खास विषय. लालबागचा एखादा भाडेकरू गेल्याचा फोन आला की नाना क्षणभर डोळे मिटतात, हात जोडतात आणि मग पुटपुटू लागतात. आधी मला वाटायचं, रामरक्षा म्हणताहेत. नंतर लक्षात आलं, वारस मोजताहेत. "तेरा नंबर गेला. दोन मुलगे, तीन मुली, धाकटी दुबईला. एका सहीच्या पाच झाल्या रे!" पूर्वी सत्तर टक्के भाडेकरूंची संमती लागायची, आता एक्कावन्न पुरते. पण सरकार टक्के जेवढे कमी करतं तेवढ्या वेगाने म्हातारे मरतात आणि वारस वाढतात, हा नानांचा सिद्धान्त आहे आणि तो खोडून काढणं मला जमलेलं नाही. थळच्या घराच्या उताऱ्यावर त्यांच्या पणजोबांचं नाव आहे आणि हयात वारस तेवीस आहेत. त्या विषयावर मात्र नाना बोलत नाहीत. पावसात माजघर गळतं, नानी पातेलं लावते, आणि नाना लालबागच्या वॉटरप्रूफिंगवर बोलतात.

गावाच्या किनाऱ्यावर आता बंगल्यांची रांग लागली आहे. एका फार मोठ्या नटाचाही आहे. मुंबईचे लोक गाडी घेऊन रो-रोतून मांडव्याला उतरतात आणि आमच्या वाड्यांतून सुसाट जातात. त्या नटाच्या कुंपणापाशी पोरं फोटो काढत उभी असतात, तर नाना लांबून बघून हळहळतात. हेवा बंगल्याचा नसतो. "सुखी माणूस. एकटाच मालक. शंभर टक्के संमती!"

लालबागची चाळ पाडली त्याला सात वर्षं झाली. आज तिथं पत्र्याचं कुंपण आहे आणि आत खड्डा. पावसाळ्यात तो भरतो. नाना दोन-तीन महिन्यांनी जाऊन त्याची खोली बघून येतात. बिल्डर तिसरा चालू आहे. पहिला सोडून गेला, दुसऱ्याला त्याच्या भागीदाराने कोर्टात खेचलं, तिसऱ्याने नुसता बोर्ड लावला आहे, हसऱ्या कुटुंबाच्या चित्राचा. पर्यायी जागेच्या भाड्याचे चेक दोन वर्षं आले. बाकीचे भाडेकरू विरार-बदलापूरला गेले, नाना थळलाच होते, त्यामुळे त्या चेकांतून नानीने पंखा, मिक्सर आणि दोन पितळी समया घेतल्या. मग चेक थांबले. नाना भडकतील, अर्ज करतील, वांद्र्याला म्हाडाच्या दारात उपोषणाला बसतील असं मला वाटलं होतं. ते वांद्र्याला जातात, नाही असं नाही. पहाटेचा डबा घेऊन निघतात, मांडवा, बोट, बस असं करत कलानगरला पोचतात, सगळ्या मजल्यांवर ओळखी आहेत, चहा पितात, कुणाच्या फायलीत काय अडलंय ते सांगतात आणि रात्री दमून, पण तजेलदार चेहऱ्याने परत येतात. लग्नाहून आल्यासारखे.

एकदा मी चिडून विचारलं, "नाना, वीस वर्षं झाली. तुम्हाला राग कसा येत नाही?"

नानांनी माझ्याकडं कीव आल्यासारखं बघितलं. "पहिला बिल्डर आला तेव्हा किमान जागा किती? २२५. बाकीचे म्हणत होते, घेऊन टाकू. घेतलं असतं तर? थांबलो, ३०० झाले. आणखी थांबलो, त्यावर पस्तीस टक्के फंजिबल आलं. तीनशेचे पस्तीस टक्के किती? १०५. झाले ४०५." त्यांनी खळ्यावरून हात फिरवला. "वीस वर्षांत एक वीट न लावता मी १८० फूट वाढवले. तू नोकरी करून किती वाढवलेस?"

मी गप्प बसलो. माझं घर आहे तेवढंच आहे.

या हिशोबाला तडा गेला तो १४ ऑगस्ट २०२५ ला. त्या दिवशी वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ भाडेकरूंना मुख्यमंत्र्यांनी नव्या घरांच्या चाव्या दिल्या. टीव्हीवर दिवसभर तेच. शंभर वर्षांपूर्वी इंग्रजांच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या त्या चाळी, १६० फुटांच्या खोल्या, आणि आता चाळीस मजली इमारतीत ५०० फूट. एक बाई चावी हातात घेऊन रडत होती. नानीही पदर डोळ्याला लावून बघत होती. नाना मात्र उठून खळ्यात आले. बराच वेळ आपल्या ब्लॉकच्या दक्षिणेकडच्या भिंतीशी उभे राहिले आणि हळूच टेप काढून रेघेच्या पलीकडं काही मोजू लागले. पलीकडं शेणखताचा उकिरडा आहे.

"पंच्याण्णव फूट कमी पडतात," ते म्हणाले. "त्यांचा मालक सरकार, आमचा मालक शेठ, एवढाच फरक. थांबलो तर मिळतील. पण मग उकिरडा हलवायला लागेल."

दर जूनमध्ये पहिली सर आली की नानांचा ब्लॉक जमीनदोस्त होतो. फक्की पाण्याबरोबर पांढऱ्या ओघळांनी विहिरीकडं जाते. नाना पडवीत बसून बघतात. दसऱ्यानंतर नानी खळं नव्याने सारवते आणि नाना दोरी, खुंट्या, टेप घेऊन पुन्हा आखणी करतात. एरवी त्या रेघांच्या आत नानीचे बोंबील वाळतात. बेडरूममध्ये बोंबलांची वलांडी टाकलेली असते, किचनमध्ये आमसुलं पसरलेली. नानांची त्याला हरकत नाही. वापरातला बदल तेवढा तात्पुरता असावा, असं ते म्हणतात.

यंदा दसऱ्यानंतर मात्र काम अडलं आहे. तिसऱ्या बिल्डरने सुधारित नकाशा पाठवला. ब्लॉक ४०५ चाच, पण तोंड फिरलं आहे. नानांनी दोरी लावली, खुंट्या ठोकल्या, हॉल आला, किचन आलं, माड यंदा किचनमध्ये गेला. मग चार बाय तीनच्या चार खुंट्या ठोकायला गेले आणि थबकले. तिथं तुळशीवृंदावन आहे.

नानी पडवीतून बघत होती. चाळीस वर्षांत ती चटई या विषयावर एक शब्द बोललेली नाही. हातातलं सूप बाजूला ठेवून ती उठली, खळ्यात आली, दरवाजातून नाही, सरळ भिंतीतून, आणि वृंदावनाशेजारची खुंटी उपटून तिने विहिरीत टाकली.

"माज्या तुळशीवर संडास?" ती म्हणाली. "माजी सही नाय."

नानांनी तिला नियम समजावून सांगितला. नानी ऐकून घेते, कामं करते आणि नाही म्हणते. एक्कावन्न टक्के लागतात. घरात माणसं दोन. एक हो, एक नाही. पन्नास टक्क्यांवर गाडं थांबलं आहे. पोरगा दुबईला, त्याने फोनवर सांगितलं, आईविरुद्ध मी सही करत नाही. म्हणजे तेहतीसच.

काल संध्याकाळी नाना माझ्याकडं आले. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. भाताचं काय, पांढरा कांदा लावला का, एसटी वेळेवर येते का. मग आवाज खाली आणून म्हणाले, "तू असं कर. हॉलमध्ये भाडेकरू म्हणून ये. आणि वाडीतली म्हातारी आहे ना, तिला बोळ देतो. दोघांच्या सह्या झाल्या की पाचात तीन. साठ टक्के. पागडी नको तुज्याकडून, पावती देतो मागच्या तारखेची."

मी हो म्हणणार होतो. शेजारधर्म आहे, म्हातारा माणूस आहे, फक्कीच्या रेघाच तर आहेत. पण तोंडातून निघालं भलतंच.

"कॉर्पस किती देताय, नाना?"

नाना थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिले. मग खुर्ची पुढं ओढली, चष्मा पुसला आणि खिशातून पेन काढलं.